हार न घालता येणारी तसबीर

आष्ट्यात मी ज्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो, त्या घराच्या तळमजल्यावर तसबिरी आणि फ्रेमचं दुकान होतं. दुकानाचे मालक सुकुमार. ते काचा कापत, लाकडी पट्ट्या जोडत, देवादिकांच्या छापील चित्रांना चौकटी बसवत. तसबिरी मात्र त्यांची पत्नी गुणमाला मागच्या सोप्यात बसून रंगवत असे आणि खाली सही ‘सुकुमार’ अशी करत असे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. परगावच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगत नसत. बाईच्या हातचं काम आहे असं कळलं की माणूस नाकाडोळ्यांत नसलेल्या चुका शोधायला लागतो, असा सुकुमारांचा अनुभव होता.

गुणमालाबाईंना सगळे गुणाक्का म्हणत. माहेर सांगलीचं. वडील बाळगोंडा यांचं तिथे कापडाचं दुकान होतं. ही मुलगी दुकानाच्या मागच्या फरशीवर खडूने गिऱ्हाइकांचे चेहरे काढत बसे. धोतरजोडी घ्यायला आलेल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी फरशीवर स्वतःचाच चेहरा पाहिला आणि दर रविवारी येऊन तिला शिकवायचं ठरवलं. लग्न होईपर्यंत ते येत राहिले. लग्नात त्यांनी रंगांची पेटी दिली आणि पेटीत एका विलायती मासिकातून कापलेलं चित्र ठेवलं. चित्रात गवताची टोपी घातलेली एक बाई आहे. एका हातात रंगांची पाटी, त्याच हातात ब्रशांचा जुडगा, आणि नजर सरळ आपल्याकडे. ही फ्रान्समधली चित्रकार एलिझाबेथ व्हिजे-लब्रँ. दोनशे वर्षांपूर्वीची. तिने स्वतःच स्वतःला काढलं आहे.

गुणाक्कांना तिची सगळी माहिती मास्तरांकडून मिळाली होती आणि ती त्या एखाद्या मावसबहिणीची सांगावी तशी सांगत. बाप तसबिरीच करायचा, पण तो पोर बारा वर्षांची असताना गेला. मग हिनेच चित्रं काढून घराला हातभार लावला. नवरा चित्रांचा व्यापारी. ही पुढे राणीची चित्रं काढायला लागली. फ्रान्समध्ये बंड झालं तेव्हा लहान मुलीला घेऊन रातोरात देश सोडून गेली आणि गावोगाव, देशोदेशी तसबिरी करत जगली.

“समोर बसलेल्या माणसाशी ती सारखी बोलायची म्हणं,” गुणाक्का म्हणत. “बोलता बोलता माणूस मोकळा होतो, मग चेहरा सापडतो. माझी माणसं बोलत नाहीत. तेवढाच फरक.”

त्यांची माणसं बोलत नसत, कारण ती वारलेली असत. वाळवा, पाटण, पार मेढ्यापर्यंतच्या गावांतून लोक येत, ते घरात कुणी गेल्यावर. जिवंत माणूस सरळ फोटो स्टुडिओत जाई. वारलेल्या माणसाच्या तसबिरीची ठरलेली रीत होती. चित्र छातीपर्यंत, खाली ढगात विरत गेलेलं, नजर समोर, आणि कडेने हाराला जागा सोडलेली. नातेवाईक फोटो आणत तो बहुधा जत्रेतला किंवा पुसट असे. मग गुणाक्का भावाला समोर बसवून त्याचा कान घेत, आईला बसवून हनुवटी घेत. अशी जुळवाजुळव करून माणूस उभा राहिला की घरची माणसं दुकानातच रडायला लागत.

एकोणीसशे बहात्तर सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी पाटणकडच्या एका गावाहून दोघे आले. एक लालासाहेब, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. उंच, मिशा पांढऱ्या, पाठ काठीसारखी. दुसरा त्यांचा थोरला मुलगा आकाराम. मी पेपर वाचत दुकानाच्या बाकावर बसलो होतो.

“तसबीर पायजे,” सुभेदार म्हणाले. “माझ्या धाकट्या पोराची. नाथाजीची. लढाईत गेला.”

सुकुमारांनी हात जोडले. आदल्या डिसेंबरच्या लढाईनंतर अशी गिऱ्हाइकं नवीन नव्हती. आकारामने पलटणीचा एक मोठा फोटो काढून दिला. चार रांगांत जवान होते. तिसऱ्या रांगेतल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर त्याने बोट ठेवलं.

गुणाक्का आतून दाराशी आल्या. “तार आली होती का, सुभेदार?”

“आली की.”

“काय लिहिलं होतं?”

आकाराम खाली बघायला लागला. सुभेदारांनी मान वळवली नाही. “बेपत्ता म्हणून लिवलंय. सरकार आसंच लिवतंय, बाई. म्या सगळी हयात पलटणीत काढली. बेपत्ता म्हंजे काय, ते मला शिकवू नका.”

पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. गावच्या शाळेत समारंभ होता. पंचायत समितीचे सभापती येऊन नाथाजीच्या तसबिरीला हार घालणार होते. सगळं ठरवून सुभेदार आले होते. तसबीर तेवढी राहिली होती.

सुभेदारांना एवढी घाई का, ते आकारामने मला चहा पिताना सांगितलं. गावातल्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं होतं, “नाथाजी मेलाबिला काय न्हाई. हात वर करून गेला आसंल. तिकडं कैदेत बसून भाकरी मोडत आसंल.” सुभेदारांनी त्या माणसाच्या कानशिलात दिली आणि त्या दिवसापासून ते चावडीकडे फिरकले नव्हते. घरात मात्र त्यांनी एकच वाक्य धरलं होतं. माझं पोरगं पाठ दाखवणारं नव्हं.

“आई काय म्हणते?” मी विचारलं.

“आई काय बी म्हणत न्हाई,” आकाराम म्हणाला. “दोन ताटं जास्तीची धुती आन परत मांडून ठेवती.”

“दोन कशी?”

“नाथाजीचं एक. आन त्याच्या बायकूचं. ती हितं आष्ट्यातच हाय, म्हायेरी. तार आल्यापास्नं.”

नाथाजीची बायको दोनच दिवसांनी आली. नाव चंद्राबाई, वय वीस-बावीस, डोक्यावर घट्ट पदर. दुकानात कुणी नाही असं बघून ती थेट मागच्या सोप्यात गेली. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, त्या वेळी तिथेच शेंगा फोडत बसली होती. पुढचं सगळं मला मंडळींकडून आणि गुणाक्कांकडून समजलं.

“अक्का, तुमी ती तसबीर करू नका,” ती बसायच्या आधीच म्हणाली.

“का गं?”

“पंधरा तारखंला त्यास्नी हार घालणार. आन सोळा तारखंला सकाळी धोंडुबाई मला नदीवर न्हेणार. बांगड्या फोडाय, कुंकू पुसाय. ठरलंय. धोंडुबाई आमच्या मामंजींची चुलतबहीण. गावात समद्यांचं तीच करती.” तिने डोक्यावरचा पदर ओढला. “तारंत मेल्यालं न्हाई लिवलं, अक्का. म्या चौघांकडनं वाचून घेतली.”

“मग सासऱ्यांना सांग.”

“सांगितलं. म्हणले, तू बाईमाणूस, तुला पलटण काय कळती.”

गुणाक्कांनी ब्रश पुसून ठेवला. “मी नाही म्हटलं तर ते सांगलीला जातील,” त्या म्हणाल्या. “तिथला कुणीतरी मिशीवाला शिपाई काढून देईल. हार त्याला पडेल, आणि तुझं कुंकू जायचं ते जाईलच.”

चंद्राबाईला हे सुचलं नव्हतं. ती खाली बसली. मग तिने कमरेची पिशवी सोडली आणि कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. नाथाजी शेवटच्या रजेवर आला तेव्हा दोघांनी कराडच्या स्टुडिओत काढून घेतला होता. तो खुर्चीत बसलेला, एक खांदा किंचित खाली, हसू दाबलेलं. ती शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. हा फोटो तिने सासरी कुणाला दाखवला नव्हता. तो बाहेर आला असता तर त्यातला नाथाजी कापून केव्हाच भिंतीवर गेला असता.

“काढायचंच आसंल तर ह्यावरनं काढा,” ती म्हणाली. “निदान दुसऱ्या कुणाचं त्वांड नगं.”

गुणाक्का फोटो घेऊन उजेडाला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आमच्या मंडळींना विचारलं, “वैनी, जित्या माणसाच्या फोटोला कोण हार घालतं का?”

“अभद्र बोलू नका,” मंडळी म्हणाल्या.

“दोघांच्या फोटोला? एक गेलेलं, एक जितं?”

“तसा फोटो कुणी लावतच नाही. गेलेल्याचा वेगळा करून घेतात.”

“कारण हार दोघांनाही पडतो,” गुणाक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी जेवण उरकल्यावर, खाली नवरा-बायकोचं वाजलं. आवाज माडीवर स्पष्ट येत होता.

“तुला येड लागलंय,” सुकुमार म्हणत होते. “भर समारंभात पडदा काढणार, आन आत सून कुंकू लावून उभी! सुभेदार माणूस. तिथंच चित्र फोडंल, मग हितं येऊन दुकान फोडंल. पाटण भागातलं गिऱ्हाईक कायमचं तुटलं म्हणून समज.”

“फोडू दे.”

“असं कर की. रंग ओला आहे, हार लावू नका, असं सांगू. झालं काम.”

“आठ दिवसांनी रंग वाळंल. मग घालतील. तेव्हा काय सांगू?”

“मग करू नको हे काम. सांग, तब्येत बरी न्हाई.”

“पोरीने फोटो माझ्या हातात दिलाय.”

 मग सुकुमारांचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. “कर काय करायचं ते. पर खाली माझं नाव घालू नको. ह्या एका चित्राला न्हाई.”

“बरं,” गुणाक्का म्हणाल्या.

काम सुरू झालं. त्या वर्षी पाऊस नव्हता. रस्त्यावरून एखादी बैलगाडी गेली तरी धूळ उडून ओल्या रंगावर बसे, म्हणून सोप्याच्या झरोक्यांना ओली फडकी बांधली. आतल्या उकाड्यात गुणाक्का उभ्याने काम करत. आधी नाथाजी. खुर्ची, गणवेश, गुडघ्यावरचे हात. डावी बाजू मोकळी ठेवून तिथे नुसता निळा पडदा रंगवला.

चंद्राबाईला समोर बसवायचं होतं, पण ती रोज तसबिरीच्या दुकानात येते अशी वार्ता सासरी पोचली असती तर सगळं मुसळ केरात. म्हणून ती आमच्या मंडळींकडे शिवण शिकायला येते असं जाहीर झालं. ती माडीच्या जिन्याने वर येई आणि मागच्या जिन्याने खाली जाई. लग्नानंतर इतक्या वर्षांत कुणा जिवंत माणसाची पुरी तसबीर गुणाक्का पहिल्यांदाच करत होत्या, आणि त्यांना ते जमेना. पहिल्या दिवशी नुसतं कपाळ खोडून झालं.

“हलतीयास कशाला सारखी?”

“माशी बसली, अक्का.”

“मेलेली माणसं बरी. माशी बसली तरी हलत नाहीत.”

दोघी हसल्या. मंडळी म्हणाल्या, पोरीला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग गुणाक्कांना आठवलं असावं की बोलायचं असतं. त्या विचारायला लागल्या. नाथाजी जेवताना काय मागायचा, घोरायचा का, रागावला की काय करायचा.

“रागावला की गप बसायचा आन मग आपणच ईळा घिऊन वैरण कापाय जायाचा,” चंद्राबाई म्हणाली. “एकदा इतका रागावला की तीन दिसांची वैरण कापली.”

“कशावरून?”

“म्या म्हणलं, पलटण सोड.”

हे सांगताना तिचा चेहरा जसा झाला, तसा चित्रात आहे. रडवा मुळीच नाही. कुणी काही घ्यायला आलं तर देणार नाही, असा.

जुलैच्या शेवटी आकाराम न सांगता आला. सुकुमार सांगलीला काचा आणायला गेले होते. दुकानात मी एकटा बसलो होतो. तो थेट आत निघाला. आत चंद्राबाई होती. मी मोठ्याने म्हणालो, “आकारामराव! या, या, बसा. चहा सांगतो.”

“चा नगं. तसबीर बघतो आन जातो. तात्यांनी धाडलंय.” वडिलांना तो तात्या म्हणे.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मागच्या जिन्यावर पावलं वाजली. आकारामने मान वर करून आढ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “आमच्या घरी शिवणाचा वर्ग असतो. दिवसभर धावपळ.” 

गुणाक्कांनी डाव्या बाजूवर कापड टाकलं होतं. आकाराम चित्रासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा भाऊ त्याच्याकडे बघत होता.

“हे… हे कसं जमलं?” तो म्हणाला. “हुबेहूब. खांदा बी.” मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पर खुर्चीत कशापाय? बाकीच्यांचं तर छातीपतुर काढता. ढगात.”

“तुमच्या भावाला अर्धा कापू का?” गुणाक्का म्हणाल्या. “तालुक्याचा सभापती येणार. एवढ्याशा चित्राला हार घालताना बरं दिसेल?”

हे त्याला पटलं. “व्हय. राजासारखा बसलाय.” जाता जाता तो दारात वळला. “आन कापडाखाली काय हाय?”

“ओला रंग,” गुणाक्का म्हणाल्या. “हात लावलात तर पुन्हा महिना लागेल.”

तो गेला. बाहेर पायरीवर चप्पल घालताना मला म्हणाला, “साहेब, तात्यांचा सोभाव तुमास्नी ठावं न्हाई. काय येडंवाकडं झालं तर मला बी आवरायचं न्हाईत.” त्याला संशय आला होता की तो नुसता काळजीने बोलला, ते मला आजही सांगता येणार नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी मी खाली गेलो. चित्र पुरं झालं होतं. फक्त चंद्राबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गुणाक्का ब्रश हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

“हे लावलं की मागं फिरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या त्या म्हाताऱ्याने माझ्याऐवजी पोरीवर हात टाकला तर?”

मी म्हणालो, “तिला विचारलंत का?”

“विचारलं. म्हणाली, टाकू दे, लई तर मारतील.”

त्यांनी कुंकू लावलं. मग बारीक ब्रशाने कोपऱ्यात ‘गुणमाला’ असं लिहिलं. हाताला त्या अक्षरांची सवय नव्हती. ‘ण’ जरा वाकडा आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी, मी नोकरीला होतो त्या खरेदी-विक्री संघाचा टेम्पो मागून घेतला होता. चित्राला लागू नये असं लाकडी खोकं सुकुमारांनीच रात्री करून दिलं होतं. ते येणार नाहीत असं म्हणाले होते, पण निघायच्या वेळी मुकाट्याने मागे चढून खोकं धरून बसले. 

शाळेच्या पटांगणात मांडव होता. निशाण लागलं, मुलांनी गाणं म्हटलं. सुभेदार कडक इस्त्रीच्या कोटावर पदकं लावून पहिल्या खुर्चीत. बायकांच्या बाजूला नाथाजीची आई साळूबाई, तिच्यामागे चंद्राबाई. तिला आदल्या दिवशी सासरी आणलं होतं. तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, ती धोंडुबाई असणार. चंद्राबाई नव्या बांगड्या भरून आली होती, आणि धोंडुबाई त्या बांगड्यांकडे बघत होती.

तसबीर टेबलावर ठेवली होती, वर पांढरं कापड. सभापती बोलले. मग त्यांनी ताटातून झेंडूचा हार उचलला. आकारामने कापड ओढलं.

आधी पोरांमधून एक आवाज उठला, “नाथाआण्णा!” मग माणसं उठून बघायला लागली. आणि मग बायकांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली ती वाढतच गेली. सभापती हार घेऊन दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग वळून बायकांमध्ये पाहिलं. चंद्राबाई बसली होती ती उभी राहिली. चित्रात होती तशीच, हात तेवढा खुर्चीवर नव्हता.

“सुभेदार,” सभापती हळू म्हणाले, “ह्यात सूनबाई हायती.”

सुभेदार उठले. चित्र त्यांनी अजून नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी गुणाक्कांना शोधून काढलं. “बाई, ह्यो काय खेळ मांडलाय?”

सुकुमार गुणाक्कांच्या पुढे येऊन उभे राहिले.  गुणाक्कांनी त्यांना बाजूला केलं.

“मला फोटो मिळाला तो असा होता, सुभेदार. नवऱ्याशेजारी बायको. एकाला काढून दुसऱ्याला पुसायचा हुकूम तारेत नव्हता.”

“घाला वो हार तुमी!” सुभेदार सभापतींवर ओरडले.

“मी न्हाई घालणार. तरणीताठी पोर जिती उभी हाय समोर. मला बी लेकी-सुना हायत.”

“द्या हिकडं!”

सुभेदारांनी हार हिसकावून घेतला आणि टेबलाजवळ गेले. आकाराम एक पाऊल पुढे आला आणि थांबला.  सुभेदारांनी हार दोन्ही हातांनी वर उचलला. तसबीर उंच होती, त्यामुळे त्यांना मान वर करावी लागली, आणि मुलाच्या तोंडाकडे बघावं लागलं. ते तसेच उभे राहिले. हात वर, हार हातात. झेंडूच्या दोन-चार पाकळ्या त्यांच्या पदकांवर पडल्या.

साळूबाई तेव्हा उठली. ती बुटकी बाई, सुभेदारांच्या खांद्याला लागत नव्हती. तिने त्यांच्या कोटाची बाही धरली.

“आवं,” ती म्हणाली. “हसाय लागलाय त्यो. तुमच्याकडं बघून हसाय लागलाय. जित्या पोराच्या गळ्यात ह्ये घालता व्हय?”

“मेला त्यो,” सुभेदार म्हणाले. पण ते तिलाच ऐकू गेलं असेल.

“तुमी बघितला?”

सुभेदारांचे हात खाली आले. काय करावं हे न कळून त्यांनी हार तसाच धरून ठेवला. मग आकारामने तो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला आणि निशाणाच्या खांबाला घातला. सभापतींनी लगेच जयहिंद म्हटलं आणि समारंभ संपला.

आम्हाला कुणी अडवलं नाही, चहाही दिला नाही. टेम्पोत बसताना गुणाक्का म्हणाल्या, “उजव्या हाताची बोटं चुकली आहेत. सगळ्यांच्या पुढं दिसलं मला.”

सोळा तारखेला सकाळी काय झालं, ते आकारामने नंतर येऊन सांगितलं. धोंडुबाई ठरल्याप्रमाणे चार बायका घेऊन दारात आली. चंद्राबाई आत चुलीपुढे होती. ती उठली नाही. सुभेदार ओट्यावर बसले होते. धोंडुबाई म्हणाली, “दादा, सुनंला भाईर धाडा.” सुभेदार म्हणाले, “कशापाय? आमच्या घरात काय झालंय?” धोंडुबाई म्हणाली, “आवं, ठरलं नव्हतं का?” तेव्हा ते उठले आणि बांगड्या फोडायला आलेल्या त्या बायकांना म्हणाले, “चा पिऊन जावा. दुसरं काय बी न्हाई हितं.”

डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली. आपले जवान परत आले. त्यांत नाथाजी नव्हता. सुभेदार त्यानंतर वर्षभर जगले. वारले तेव्हा त्यांची तसबीर गुणाक्कांनीच केली, छातीपर्यंत, ढगात. ती त्यांच्या घरी सोप्याच्या एका भिंतीवर आहे आणि तिला हार आहे. समोरच्या भिंतीवर नाथाजी-चंद्राबाई आहेत. त्यांना नाही.

गुणाक्कांच्या मनातून मात्र ही गोष्ट जात नव्हती. “मी त्या पोरीला सोडवलं की अडकवलं, साहेब?” त्या मला विचारत. “तरुण आहे. कुंकू पुसलं असतं तर कदाचित माहेरच्यांनी दुसरं काही बघितलं असतं.” 

गेल्या वर्षी चंद्राबाई भावाच्या मुलीच्या बारशाला आष्ट्यात आली होती. दुकानात डोकावली. कपाळावर कुंकू होतं, शिवणाचं खोटं नाव घेऊन आलेली ती आता खरोखरच गावात शिवणाचं मशीन चालवते. गुणाक्कांनी तिला बसवलं आणि सरळ विचारलं, “चंद्रा, माझ्यामुळं तू वाट बघत बसलीस. माझा राग येत नाही?”

“वाट कोण बघतंय, अक्का?” ती म्हणाली. “त्ये म्या सोडून लय दिस झालं. एक दिस वैरण कापताना कळलं, ह्यो आता येत न्हाई. तितंच बांधावर बसले. रडले. उठले. वैरण घिऊन घरी आले.”

“मग हे?” गुणाक्कांनी तिच्या कपाळाकडे बोट केलं.

“ऱ्हाऊ दे की. मला वाटंल तवा पुसीन, न्हाईतर न्हाई.” तिने पिशवी खांद्याला लावली. “धोंडुबाई आजून हाय बरं का. परवा बलवाय आली हुती, चंद्रा, माझं झंपर शिवून दे म्हणून. म्या माप घेतलं तिचं.”

पाटणच्या गाडीची वेळ झाली होती. ती स्टँडकडे निघाली.